सांधा कुणाचा होता

आमच्या घरात त्या वर्षी कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं. अप्पांना मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे बघून सांगत. "कुणीतरी पंखा बंद करा." "कुणाच्या तरी चपला दारात आडव्या पडल्यात." त्या 'कुणीतरी'ला नाव नव्हतं, पण घरात माणसं तीन, आणि आईला ते "ऐकलं का" म्हणत, म्हणजे उरले मी. दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये दोन वर्षं घालवून मी इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत इतक्या खालच्या जागी आले होते, की अप्पांनी तो निकाल एकदाच मोठ्याने वाचला, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो टीव्हीखाली सरकवला. पुढे कितीतरी महिने तो तिथेच होता. टीव्ही पुसताना आई तो उचलायची आणि परत होता तसा ठेवायची. मी उत्तरं देत नसे. शाळेत इंग्रजी, बसमध्ये तेलुगू, कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी आणि घरी मराठी. चार भाषांत गप्प राहता येतं हे मी फार लवकर शिकले होते.

अप्पा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथलं ड्रॉइंग ऑफिस बंद झालं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. ते घरी आले ते रेघा आखायचा टी-स्क्वेअर, पेन्सिलींचा पत्र्याचा डबा आणि आपला स्वभाव घेऊन. स्वभाव आधीही तोच होता, पण पूर्वी दिवसाचे आठ-नऊ तास तो ऑफिसातली माणसं सोसत. सुरुवातीला त्यांनी आईच्या डाळींच्या डब्यांवर ठळक अक्षरांत लेबलं लावली आणि तूरडाळीच्या डब्यात मूग दिसले म्हणून दोन दिवस जेवताना तोच विषय काढला. मग एका सकाळी टेबलावरच्या ताटल्या बाजूला सारून त्यांनी एक नकाशा पसरला. लांब, निमुळती, दोन्ही टोकांना अणकुचीदार अशी एक वस्तू, मध्ये एका माणसाला बसायला भोक.

"कयाक," ते म्हणाले.

"म्हणजे होडकं?" आईने विचारलं.

"होडकं नाही. कयाक."

आई अजूनही होडकंच म्हणते. तेव्हा तिने एवढंच विचारलं, की समुद्र कुठल्या मोहल्ल्यात आहे. अप्पा म्हणाले, शहराबाहेर तलाव थोडे आहेत का. अप्पांना पोहता येत नव्हतं. हे आम्हाला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

मलकपेठेतल्या आमच्या इमारतीत खालच्या पार्किंगला सगळे सेलर म्हणतात. तिथे प्रत्येक फ्लॅटला गाडीची एक जागा आहे, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. आमच्याकडे गाडी नव्हती. अप्पांनी त्या जागेत कयाक टेकवायला दोन लाकडी घोड्या उभ्या केल्या, वर बल्ब टांगला आणि काम सुरू केलं. नाव पट्टीबाहेर दीड फूट जात होती. असोसिएशनचे सेक्रेटरी दर आठवड्याला येऊन त्या टोकाकडे बोट दाखवायचे आणि तेलुगूत म्हणायचे, "उद्या कोणाच्या गाडीला ओरखडा आला तर?" अप्पा त्यांना सेलरचा मोजमापासह काढलेला नकाशा दाखवायचे, ज्यात सेक्रेटरींची स्वतःची गाडी सव्वा फूट बाहेर होती. मग दोघं आणखी एक आठवडा एकमेकांच्या नमस्काराला उत्तर देत नसत.

मी त्या कामात शिक्षा म्हणून आले. "घरात कुणाचे तरी हात रिकामे आहेत," भिंतीला सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पॉलिश पेपर हातात घेऊन सेलरमध्ये. पातळ मरीन प्लायच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडेने बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या. खरोखर शिवायच्या, टाके घालून. मग आतून, दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे, रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवून केलेला लगदा भरायचा, बोटाने गोलसर दाबायचा, त्यावर काचेच्या कापडाची पट्टी बसवून तीही रेझिनने भिजवायची. ते घट्ट झालं की तारा कापून टाकायच्या. पुढे नाव जे एकत्र धरून ठेवतं ते हे सांधे. रेझिनचे दोन भाग, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचा एक. आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यासाठी कायमचा खाली आला, आणि आई त्यानंतर अंदाजाने केक करू लागली आणि प्रत्येक केक बिघडला की सेलरच्या दिशेने बघू लागली.

अप्पा शिकवायचे चांगलं, हे मला मान्य करावं लागतं. म्हणजे बोलायचे वाईट, पण जे सांगायचे ते खरं असायचं. "धुळीवर रेझिन बसत नाही. घामावर बसत नाही. तेलावर तर मुळीच नाही. वरून चकचकीत दिसेल, आत सुटं राहील. कुणीतरी हे लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं नाही, पण विसरलेही नाही. दुपारी आई डबा घेऊन खाली यायची: ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, तिळाची चटणी. ती डबा स्कूटरच्या सीटवर ठेवून वर जायची. साबणाने कितीही धुतले तरी हातांना रेझिनचा वास यायचा आणि भाकरीला लागायचा. अजूनही तो वास आला की मला आंबाडीची आंबट चव आठवते.

मागच्या गल्लीतले सत्तारभाई सुतार प्लायच्या दोन तुकड्यांचा जोड करून द्यायला एक दिवस आले आणि मग चहाला येतच राहिले. अप्पांना कोणी तोंडावर उत्तर देणारं असेल तर तेच.

"कायको इत्ता घिसवाते बच्ची से, साब? हात देखो उसके."

"हात से क्या होता, सत्तारभाई. दिमाग लगता. दिमाग होता तो इधर बैठती?"

"दिमाग तो सब बोलते मेरे पास है," सत्तारभाई बशीत चहा ओतत म्हणाले. "हात किस के पास है, बोलो. ये सांधा देखो. मैं चालीस साल से करता, ऐसा नहीं होता मेरे से."

अप्पांनी सांध्याकडे पाहिलं नाही. मी मात्र त्या दिवशी संध्याकाळी एकटीनेच त्यावरून बोट फिरवत बसले. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी येत होतं.

फॉर्म मी त्यानंतर मागवला. लाकूडकाम आणि फर्निचर डिझाइनचा कोर्स, दुसऱ्या शहरात, हॉस्टेलसह. फोनवरून झालेल्या मुलाखतीत त्यांनी माझ्या सांध्यांचे फोटो पाहिले आणि पुढच्या आठवड्यात कळवलं की घेतो. फक्त हॉस्टेलच्या कागदावर वडिलांची सही हवी आणि कागद अमुक सोमवारी पोस्टात पडायला हवा. मी तो अप्पांच्या समोर ठेवला. त्यांनी वाचला. "सुतार करायला इंग्लिश मीडियममध्ये घातलं होतं वाटतं," ते खिडकीला म्हणाले. मी त्यांच्या सहीची नक्कल करून पाहिली, कबूल करते. पण ती ड्राफ्ट्समनची सही होती, प्रत्येक रेघ एकाच जाडीची, आणि माझी रेघ मध्येच जाड व्हायची. शेवटी आईने मध्ये पडून विचारलं, की अहो, एवढी वर्षभर राबतेय, काहीतरी बोला. अप्पा भिंतीला म्हणाले, "कुणाला सही हवी असेल तर कयाक अर्धा तास पाण्यात राहू दे. आत थेंब आला नाही, तर सही. आला तर पुढच्या वर्षी परत परीक्षा, परत दिलसुखनगर." नाव पाण्यात घालायची ती त्याच सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी. तारीख त्यांनीच ठरवली होती.

त्याच्या थोडं आधी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून देवासमोर मांडतात: विळी, सांडशी, कात्री, अप्पांचा टी-स्क्वेअरसुद्धा. हळद-कुंकू, झेंडू, आणि दिवसभर कशालाच हात लावायचा नाही. हे सगळं आई करायची आणि अप्पा पेपरातून मान वर न काढता टोमणे मारायचे. त्या वर्षी आई नेमकी बाजूला होती. चार दिवस ती देवघराकडे फिरकणार नव्हती, खाली सेलरमध्ये उतरणार नव्हती. तिने मला सांगितलं, "मंजू, तू तरी कर. रंधा, पटाशी, सगळं आण वर. त्या होडक्यालाही दोन बोटं कुंकू लाव." मी नाही म्हणाले. अप्पांच्या हत्यारांना फुलं वाहायची माझी तयारी नव्हती. अप्पा खूश झाले. "बरं झालं. फुलं घालून पटाशीला धार येत असती तर सत्तारभाई माळी झाले असते. यंदा देवांना सुट्टी." मग ते दूध आणायला खाली गेले आणि बऱ्याच वेळाने दूध न घेताच वर आले. आई त्या दिवशी जेवली नाही. चार दिवसांनी देवघरात गेल्यावर तिला दिव्याच्या तेलाची बाटली उघडी आणि कुंकवाच्या करंड्याचं झाकण तिरकं सापडलं. "पूजा करायची नाही आणि वर सांडासांड करायची," ती मला म्हणाली. मी बाटलीला बूच लावलं. माझ्या नावावर लागणाऱ्या गोष्टी तेव्हा इतक्या होत्या की त्यात एक तेलाची बाटली जड नव्हती.

दसऱ्यानंतर मी पुढच्या टोकातला आतला सांधा भरायला घेतला. तो शेवटचा होता. तो झाला की वरून डेकची फळी बसवून नाव बंद करायची. टोकाच्या अगदी पुढे, तळाच्या सांध्यावर मला तळहाताएवढा काळपट डाग दिसला. सत्तारभाईंचा चहा सांडला असेल, मला वाटलं. विचारावं, असंही मनात आलं. पण विचारायचं म्हणजे तीन मजले चढून अप्पांच्या खुर्चीसमोर उभं राहायचं, आणि 'कुणाला तरी देवाने डोळे दिलेत का' हे ऐकून खाली यायचं. मी डागावरून दोनदा पॉलिश पेपर फिरवला, लगदा भरला आणि पट्टी बसवली. आज माझ्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये माणसं मला असले डाग दाखवायला दिवसातून दहा वेळा हाका मारतात. मी वैतागते, पण उठून जाते. कारण त्या दिवशी मी चढले असते तर काय झालं असतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

रविवारी सकाळी एका टेम्पोच्या टपावर नाव बांधून आम्ही तलावावर गेलो: अप्पा, आई, मी आणि सत्तारभाई. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती आणि वाटेत कोणी डबा उघडला नाही. अप्पांनी लाइफ जॅकेट सत्तारभाईंकडून तीनदा आवळून घेतलं. नाव काठावरून लोटताना पुढचं टोक एका दगडावर आदळलं. आवाज लहानच होता, नारळ हाताने ठोकून बघावा तसा. मग ती पाण्यावर गेली, आणि मी खोटं कशाला लिहू, ती सुंदर दिसली. अप्पा ताठ बसून वल्हं मारत होते, दोन्ही बाजूंना सारखं, मोजून. मी घड्याळ धरून उभी होते. नऊ मिनिटं झाली तेव्हा पुढचं टोक किंचित खाली गेल्यासारखं वाटलं. अकराव्या मिनिटाला मला खात्री झाली. अप्पा वळले. ते जोरात येत होते पण नाव हळू येत होती, आणि त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडलेले, नजर काठावरून न हलणारी. गुडघाभर पाण्यात पोचल्यावर ते उतरले. नावेत घोट्यापर्यंत पाणी होतं.

ते कपडे पिळत उभे राहिले. टेम्पोवाला होता, मासे पकडणारी दोन-तीन माणसं होती, आई होती.

"पुढच्या टोकाचा सांधा कुणाचा होता?" अप्पांनी सगळ्यांना विचारलं.

मासे पकडणारे वळून बघू लागले.

"कुणाचा होता?"

"माझा," मी म्हणाले.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? परीक्षेतही हेच. वरून गुळगुळीत, आत पोकळ."

"साब, पत्थर लगा था जी. मैं देखा," सत्तारभाई म्हणाले.

"पत्थर सबको लगता," अप्पा म्हणाले आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले.

आईने मला एक दशमी दिली. मी ती घरापर्यंत हातात धरून आणली.

अकराला निघालेला टेम्पो एक वाजता मलकपेठेत पोचला. अप्पा वर गेले. मी नाव घोड्यांवर उलटी ठेवून पाणी काढलं, मग सुलटी केली. पुढच्या डेकला सामान ठेवण्यासाठी एक झाकण होतं. ते उघडून मोबाइलचा टॉर्च दातांत धरून मी खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेरून दगडाने बारीक चीर पाडली होती, पण तेवढ्याने इतकं पाणी यायला नको होतं. आतल्या पट्टीने तो धक्का धरायला हवा होता. माझं बोट पट्टीच्या कडेखाली गेलं. ती उचलली गेली. जोर लावावा लागला नाही. पिकल्या केळ्याचं साल निघावं तशी ती लगद्यासकट वीतभर निघून आली. खाली माझा चहाचा डाग होता. आता पाण्याने तो उघडा पडला होता आणि चहाचा नव्हता. प्लायच्या रेषांमध्ये लाल रंग बसला होता. चार हात, चारही वळलेले. तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक, अंगठ्याने काढलेलं, आणि कोणाला दिसू नये म्हणून नंतर फडक्याने पुसलेलं. पुसल्याने कुंकू गेलं होतं आणि तेल आणखी आत गेलं होतं.

वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी चिडले नव्हते. मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली, की पाण्याने ओला झालेला रंग वाळून दिसेनासा होईल. मी वर जाऊन अप्पांना म्हटलं, "खाली या." बहुधा माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ते आले.

ते वाकले, टॉर्च घेतला, डोकं झाकणातून आत घातलं.

"तुझ्या आईने काढलं असेल," आतून आवाज आला.

"आई बाजूला होती. चार दिवस खाली उतरली नव्हती."

"मग तू."

"मी काढलं असतं तर त्यावर सांधा भरला नसता. तेलावर रेझिन बसत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"सत्तार," ते म्हणाले, आणि आपण काय म्हटलं हे त्यांचं त्यांनाच ऐकू आल्यासारखे थांबले.

त्यांनी डोकं बाहेर काढलं. केसांना लाकडाचा भुसा लागला होता. त्यांनी पहिल्यांदा जिन्याकडे पाहिलं, मग पिवळ्या पट्टीकडे, आणि मग, त्या वर्षात पहिल्यांदा, माझ्याकडे.

"आईला सांगायचं नाही," ते म्हणाले.

मी त्या वेळी काय बोलायला हवं होतं, याचा पुढे मी खूप विचार केला. एखाद्या चांगल्या मुलीने विचारलं असतं, अप्पा, पाण्याची इतकी भीती वाटत होती तर गेलात कशाला? ते कदाचित म्हणाले असते काहीतरी. पण तलावाच्या काठावर मासे पकडणाऱ्या माणसांसमोर उभी असलेली मी अजून वाळलेसुद्धा नव्हते. फॉर्म आठवडाभर माझ्या पिशवीत होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी तो नावेच्या डेकवर पसरला आणि वर पेन ठेवलं.

"सही," मी म्हणाले.

"आत पाणी आलं होतं. ठरलं ते ठरलं."

"आईला हाक मारू?"

"याला ब्लॅकमेल म्हणतात," ते म्हणाले.

"हौ," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. त्याच जाडीच्या रेघा, शेवटी ठिपका. मग पेनला टोपण लावून ते परत भिंतीकडे वळले. "कुणीतरी तेवढा तुकडा कापून काढा. तेल दोन थर आत गेलं असणार, घासून जाणार नाही. नवीन ठिगळ बसवा, कडा उतरत्या घासा." मी पटाशी आणि बारीक करवत घेतली. त्यांनी टॉर्च धरला. संध्याकाळपर्यंत आम्ही काम केलं. ठिगळ त्यांनी मापून दिलं, बसवलं मी. कापलेला तुकडा ते भंगाराच्या डब्यात टाकायला निघाले तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. कागद अजून पोस्टात पडायचा होता, आणि अप्पांचं मन रात्रीतून फिरलं तर माझ्याकडे काहीतरी हवं होतं.

मन फिरलं नाही. मी गेले. दोन महिन्यांनी आईचा हॉस्टेलवर फोन आला, की तुझे अप्पा परत गेले होते तलावावर, एक तास फिरले, होडकं आतून कोरडं. ते सांगायचे नाहीत म्हणून मी सांगते.

"जायच्या आधी नारळ वगैरे फोडला का?" मी विचारलं.

"ते? ते कशाला फोडतील," आई म्हणाली. "तुला माहीत नाहीत का ते."

तिला मी आजवर काही सांगितलेलं नाही. सांगायचं नाही एवढाच शब्द होता. तिने हे वाचलं तर तो मी मोडला असं मी धरणार नाही. माझं सगळं लिहिणं-वाचणं इंग्रजीत झालं, मराठी मला अजून हळूहळू लिहावी लागते, आणि हे प्रकरण इंग्रजीत चार दिवसांत झालं असतं. पण अप्पा मराठी वाचतात. तो तुकडा माझ्या वर्कशॉपमधल्या बाकाच्या खणात आहे, तेल वाळून रंग आता विटकरी झालाय. हवा असेल तर त्यांनी मागावा. नाव घेऊन.